कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत आणखी काय घेता, हे कोणीतरी विचारायला हवे

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

आणि रोज रुग्णांच्या हातात औषध देणारे राज्यातील सर्व डॉक्टर, वैद्य व औषध विक्रेते यांस,

सप्रेम नमस्कार.

आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घेतली पाहिजे, असे सांगणारा नियम १७० औषध नियमावलीत डिसेंबर २०१८ मध्ये आला. केंद्राने तो १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे मूळ प्रकरणच निकाली निघाल्यावर स्थगितीही उठली. त्यामुळे ‘ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ’ अशी जाहिरात आज लोकांच्या मोबाइलवर किंवा एसटी स्टँडच्या भिंतीवर येते, तेव्हा ती आधी कोणी तपासलेली नसते. हा निर्णय दिल्लीत झाला, आपण घेतलेला नाही, हे मला माहीत आहे. पण त्याचे परिणाम माझ्या काउंटरवर येऊन उभे राहतात, आणि महाराष्ट्रात त्यांना आवर घालण्याचे बरेचसे अधिकार अजूनही आपल्याच हातात आहेत. म्हणून आपल्याला लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण यातले अर्धे तरी रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचायला हवे.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. कराडच्या बाजूला एका बाजाराच्या गावात आमचे मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केले, आता यजमान आणि मी चालवतो. सकाळी डोंगराकडची पहिली गाडी आली की दुकानात जी गर्दी होते, तिच्यातल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर तीन प्रकार ठरलेले असतात: बीपीची गोळी, शुगरची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले होते. तो आकडा मी वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही.

या तिन्हींत कोलेस्टेरॉलच्या गोळीचे नशीब सर्वांत वाईट. डोके दुखत असताना गोळी घेतली की आराम पडतो. शुगरची गोळी चुकली तर घरच्या मशीनवर आकडा दिसतो. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन मात्र माणसाला काहीच जाणवत नाही. ती यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवते आणि पुढच्या दहा-वीस वर्षांतला हार्ट अटॅक टाळते. जो अटॅक आला नाही, तो कोणाला कसा दिसणार? म्हणून पैसे कमी पडले की पहिली हीच गोळी गळते, आणि कोणी काढा सांगितला की पहिली हिचीच जागा तो घेतो. ‘ताई, कोलेस्टेरॉलची या म्हयन्याला नको, काढा चालू केलाय’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आणि हे निदान सांगणारे लोक आहेत. न सांगता दोन्ही घेणारे यांच्यापेक्षा पुष्कळ.

कशात काय मिसळले जाते ते नेमके सांगते, कारण ‘घरगुती उपायांपासून सावध राहा’ एवढ्या मोघम सूचनेने कोणाचेच भले होत नाही.

सगळ्यात जास्त फिरणारा काढा लिंबू, आले, लसूण आणि ॲपल सायडर व्हिनेगरचा. प्रत्येकी एक कप रस घ्यायचा, तीन कप उरेपर्यंत आटवायचा, त्यात तीन कप मध घालायचा आणि रोज सकाळी तीन चमचे. हृदयाच्या सगळ्या नसा मोकळ्या होतात, असा त्या मेसेजचा दावा. हिशेब मांडला तर तयार काढ्यात निम्मा मध असतो, आणि हा काढा घेणाऱ्यांत मधुमेही किती आहेत ते मी त्यांच्या चिठ्ठ्यांवरून सांगू शकते. लसणाचे आणखी एक आहे. भाजीतल्या चार पाकळ्यांनी काही होत नाही, पण एकवटलेला लसूण रोज पोटात गेला तर रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. ज्याला स्टेंट बसवला आहे तो कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतच असतो, म्हणजे त्याचे रक्त आधीच औषधाने पातळ ठेवलेले असते. अशा माणसाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर तो दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि काढ्याचा उल्लेखही करत नाही. एवढे करून लसणाने कोलेस्टेरॉल उतरते का? अमेरिकेत स्टॅनफर्डला १९२ लोकांवर सहा महिने काळजीपूर्वक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००७ मध्ये आला. कच्च्या लसणानेही एलडीएलमध्ये, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलमध्ये, काही फरक पडला नव्हता.

दुसरा गुग्गुळ. याबद्दल मला आदराने बोलायचे आहे. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या (अंगातली चरबी वाढण्याच्या विकाराच्या) वर्णनाचा धागा धरून गुग्गुळाचा सशांवर अभ्यास केला. आपल्या जुन्या ग्रंथातली गोष्ट प्रयोगशाळेत नेऊन तपासण्याचे ते सुंदर उदाहरण आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून पुढे औषधही तयार केले. पण तपासणी तिथे थांबत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत आठ आठवड्यांची चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. त्याआधी १९९४ मध्ये आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवले होते की गुग्गुळासोबत घेतल्यास प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या दोन औषधांचे रक्तातले प्रमाण घटते. ही दोन्ही बीपीची आणि हृदयाची औषधे आहेत. गुग्गुळाच्या गोळ्या घेणारा माणूस बीपीची गोळीही तितक्याच नियमाने घेतो, तरी बीपी आटोक्यात येत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि मधले कारण कोणालाच कळत नाही.

पपनसाचे बोलणे आपल्याकडे होतच नाही. १९८९ मध्ये कॅनडातल्या डॉ. डेव्हिड बेली यांना एका वेगळ्याच प्रयोगात अपघाताने आढळले की ग्रेपफ्रूटच्या रसामुळे एका औषधाचे रक्तातले प्रमाण अनेक पटींनी वाढते. आतड्यात औषध मोडणारे एक एन्झाइम असते, त्या रसातली फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये ते निकामी करतात. सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या याच एन्झाइमने मोडतात. रोसुव्हास्टॅटिनचा मार्ग वेगळा आहे, म्हणून तिला या रसाचा फारसा फरक पडत नाही. ग्रेपफ्रूट आपल्या गावात कोणी खात नाही, पण त्याच जातकुळीचे पपनस कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या दिवसांत घरोघर असते, आणि त्यातही फ्युरानोकुमारिने असतात. दोन फोडी खाल्ल्याने काही बिघडत नाही, कोणी घाबरून जाऊ नये. पण ‘चरबी जाळते’ म्हणून रोज मोठा पेला रस पिणाऱ्याने कोणती गोळी चालू आहे ते विचारून घ्यावे. हे त्याला सांगणार कोण?

ॲसिडिटीचे गुलाबी औषध तर लोकांच्या लेखी औषधच नसते, घरात बडीशेपेच्या डबीशेजारी असते. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे ते मिश्रण रोसुव्हास्टॅटिनसोबत घेतले तर गोळीचे रक्तातले प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. उपाय अगदी सोपा: आधी गोळी, आणि दोन तासांनी ॲसिडिटीचे औषध. एवढे एक वाक्य मराठीत छापलेले मला कुठल्याही पाकिटावर आजवर दिसलेले नाही.

दुधी भोपळ्याच्या रसाचा प्रश्न औषधाशी भिडण्याचा नाही, थेट विषबाधेचा आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. दिल्लीत २०१० मध्ये असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञ समिती नेमली. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेका, दुसऱ्या कुठल्या रसात तो मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर तडक दवाखाना गाठा, असे समितीने सांगितले. २०१८ मध्ये पुण्यातल्या एका महिलेच्या मृत्यूची बातमीही आली होती. तरीही हृदयासाठी पहाटे दुधीचा रस, त्यात कारले आणि आवळा घालून, हा सल्ला जसाच्या तसा फिरतो आहे.

आता या विषयाने माझ्या घरात काय केले ते सांगते.

माझी मोठी मावशी कुडाळकडे असते. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह आहे, रात्री ॲटोरव्हास्टॅटिन ४० ची गोळी वर्षानुवर्षे चालू. तिच्या नातवाने परदेशातून कोलेस्टेरॉलसाठी म्हणून एक बाटली पाठवली. झाडपाल्याचे आहे, अपाय नाही, असे त्याला दुकानात सांगितले होते आणि त्याने ते प्रेमाने आजीला पाठवले. मावशी दोन्ही घेऊ लागली. पुढे तिच्या मांड्या भरून येऊ लागल्या, पायरी चढवेना. वयाचे असेल म्हणून घरच्यांनी तेल लावून शेकले. मग लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा स्नायूंची इजा दाखवणारे सीपीके हजारांच्या घरात आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वर चढलेले. स्नायू विरघळून त्यांचा अंश मूत्रपिंडात अडकत होता. वेळेवर सलाइन सुरू झाले म्हणून डायलिसिसची पाळी आली नाही. ती आता बरी आहे.

मी भेटायला गेले तेव्हा ती बाटली वाचली. रेड यीस्ट राइस. लाल बुरशीवर आंबवलेला तांदूळ. या बुरशीत मोनाकोलिन के नावाचे द्रव्य तयार होते. जपानच्या अकिरा एंडो यांनी ते १९७९ मध्ये वेगळे काढले. अमेरिकेत १९८७ साली बाजारात आलेले लोव्हास्टॅटिन हे औषध आणि हे मोनाकोलिन के एकच रेणू आहे. मावशी एकाच जातीची दोन औषधे घेत होती, एक डॉक्टरांनी मोजून दिलेले आणि दुसरे किती मात्रेचे ते बाटलीवर लिहिलेलेच नव्हते. दाखल करताना ‘कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत’ असे तिला विचारले होते आणि तिने चिठ्ठीवरच्या सगळ्या न चुकता सांगितल्या होत्या. बाटली तिने लपवली नाही. तिच्या लेखी ते औषधच नव्हते.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा उत्पादनांत दिवसाच्या मात्रेत मोनाकोलिन ३ मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे असा नियम केला, आणि कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध चालू असल्यास हे घेऊ नये अशी सूचना छापणे बंधनकारक केले. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये अशाच कॅप्सूल मूत्रपिंडाच्या तक्रारींमुळे परत मागवाव्या लागल्या आणि त्यात प्युबेरुलिक ॲसिड हे बुरशीजन्य द्रव्य सापडले. आपल्याकडे या कॅप्सूल मोबाइलवरून दोन दिवसांत घरी येतात.

हे सगळे वाचून मी आयुर्वेदाच्या विरोधात आहे, असा कोणाचा समज होऊ नये. माझ्या दुकानात अर्धे कपाट आयुर्वेदिक औषधांचे आहे. इसबगोलाने एलडीएल थोडे उतरते याला चांगला पुरावा आहे आणि ते कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत चालते, फक्त दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवायचे. ज्वारीची भाकरी, ओंजळभर शेंगदाणे, रोजचे चालणे, तळण कमी, याला कोणता डॉक्टर नको म्हणेल? तशीच आधुनिक गोळीही निर्दोष नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाची याच जातीची गोळी ऑगस्ट २००१ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली, कारण तिच्याने स्नायू विरघळून माणसे दगावत होती, विशेषतः जेमफिब्रोझिल या रक्तातली चरबी उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधासोबत घेतल्यावर. ती मागे घेता आली, कारण डॉक्टरांनी आणि रुग्णालयांनी त्या घटना नोंदवल्या होत्या, त्या एका जागी जमल्या होत्या आणि कोणीतरी त्या मोजल्या होत्या.

माझी पहिली तक्रार नेमकी इथेच आहे. आपल्याकडे मोजणाऱ्या पेट्या दोन आहेत. आधुनिक औषधाचा त्रास झाला तर नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे जाते. तो कार्यक्रम २०१० पासून आहे. आयुष औषधांसाठी वेगळी यंत्रणा, तिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. जिला दोन्हींच्या मिश्रणाने त्रास झाला, त्या माझ्या मावशीची नोंद कुठे व्हायची? गाझियाबादच्या फॉर्मवर ‘सोबत घेतलेली इतर औषधे, स्वतःहून घेतलेली आणि वनौषधीसुद्धा’ असा रकाना छापलेला आहे, हे चांगले आहे. पण फॉर्मच भरला जात नाही, तिथे रकाना कोण भरणार? रुग्णाला स्वतःला तक्रार करता येते, त्यासाठी सोपा फॉर्म आहे, हेच मुळात लोकांना माहीत नाही. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा मोठा वाद झाला. वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असावी, असे आयुष मंत्रालय म्हणाले. कोणाचे बरोबर, हा निवाडा मी करणार नाही. पण त्यावेळी वनस्पतीच्या नमुन्यासह नीट नोंदी ठेवण्याची सवय आपल्याला असती, तर तो वाद पुराव्याने मिटला असता.

दुसरी तक्रार भाषेची. कोलेस्टेरॉलची गोळी चिठ्ठीशिवाय विकू नये, ही सूचना पाकिटावर इंग्रजीत असते. आतल्या घडीच्या कागदावर सगळ्या सूचना असतात, त्याही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि लोक दहाच गोळ्या कापून नेतात तेव्हा तो कागद आमच्याकडेच राहतो. पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणे बंधनकारक आहे. तेही इंग्रजीत, कोपऱ्यात, आणि समोर ठळक अक्षरात हृदयाचे चित्र. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आले. तो कोड मोबाइलवर उघडला की बॅच नंबर, तारीख, परवाना क्रमांक दिसतो. औषध खरे की बनावट ते ओळखायला त्याचा उपयोग आहे. ते कशासोबत घेऊ नये, हे मात्र त्यात नाही.

तिसरी तक्रार आम्हा विक्रेत्यांबद्दल आणि डॉक्टर-वैद्यांबद्दल आहे, आणि ती मी माझ्याच व्यवसायातल्या माणसांसमोर मांडते आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे औषध देताना ते कसे घ्यायचे, कशासोबत घ्यायचे नाही हे रुग्णाला समजावणे हे फार्मासिस्टचे काम आहे. किती दुकानांत ते होते? किती दुकानांत त्या वेळी फार्मासिस्ट हजर असतो? रुग्णाने काढ्याचे नाव काढले की काही डॉक्टर त्याच्यावर ओरडतात, मग पुढच्या वेळी तो सांगत नाही. काही वैद्य ‘ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करा’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होतात. स्टेंट बसवलेल्या माणसाला हे सांगणे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. गोळी एकदम सोडण्याचे धोके समजावून सांगणारे वैद्यही मी पाहिले आहेत, त्यांचे उपकार मानते. पण ही गोष्ट कोणाच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही.

जाहिरातींबद्दल सुरुवातीला लिहिलेच आहे. त्यात भर एवढीच की नियम १७० गेला तरी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा जिवंत आहे. त्याच्या परिशिष्टात हृदयविकार, धमन्या कठीण होणे आणि उच्च रक्तदाब ही नावे स्पष्ट आहेत. या आजारांवर इलाज करतो अशी जाहिरात देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘ब्लॉकेज साफ’ म्हणजे धमन्यांचा आजार बरा करण्याचाच दावा आहे. हा कायदा वापरायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

हृदयविकार आणि कोलेस्टेरॉलवरच्या बेकायदा जाहिरातींवर आपण कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता कारवाई करावी, मोबाइलवरच्या जाहिरातींसह. दर तीन महिन्यांनी किती जाहिरातींवर काय कारवाई झाली, ते मराठीत संकेतस्थळावर टाकावे.

राज्यातल्या प्रत्येक मेडिकलला परिपत्रक काढावे: कोलेस्टेरॉलची गोळी देताना ‘याच्याबरोबर काढा, चूर्ण, रस किंवा बाहेरून मागवलेले काही घेता का?’ हा प्रश्न विचारायचाच. औषध निरीक्षक दुकान तपासायला येतात तेव्हा बिले आणि फ्रिजचे तापमान पाहतात, तसे हेही पाहावे. फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानाला त्यातून सूट नसावी.

एका पानाचे मराठी माहितीपत्रक प्रशासनाने तयार करावे. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद, दोन्हींकडचे जाणकार बसवून करावे, म्हणजे कोणाला ते आपल्याविरुद्ध वाटणार नाही. ते दुकानात टांगता येईल आणि गोळ्यांच्या पिशवीत घालता येईल एवढे असावे. त्यात चार गोष्टी मोठ्या अक्षरात हव्यात: गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्नायू दुखून लघवी काळसर झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, डोळे पिवळे दिसले तर थांबू नका, डॉक्टरकडे जाताना घरात पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट, बाटलीसकट, पिशवीत घालून न्या.

त्रासाची नोंद करण्याचा मराठी फॉर्म प्रत्येक मेडिकलमध्ये असावा, आणि तो भरून पुढे पाठवण्याची जबाबदारी आमच्यावर टाकावी. मिश्रणाच्या प्रकरणांसाठी आपले प्रशासन आणि राज्याचे आयुष संचालनालय यांनी मिळून एक टेबल ठरवावे, म्हणजे नोंद दोन पेट्यांच्या मध्ये पडणार नाही.

रेड यीस्ट राइसची जी उत्पादने राज्यात विकली जातात, त्यांचे नमुने घेऊन मोनाकोलिनचे प्रमाण तपासावे आणि निकाल जाहीर करावा. युरोपासारखी मर्यादा आणि सूचना इथेही लागू व्हावी यासाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला लेखी शिफारस करावी. क्यूआर कोडमागे मराठीतून वापराची माहिती यावी, ही शिफारस केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेला करावी.

आठवडी बाजारात आणि जत्रांत कागदाच्या पुडीत, नाव-गाव न लिहिलेले ‘कोलेस्टेरॉलचे चूर्ण’ विकले जाते. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तिथे आपला निरीक्षक जायला हवा.

डॉक्टरांना आणि वैद्यांना माझी एवढीच विनंती की रुग्णाने काढ्याचे सांगितले तर रागावू नका. तो सांगतो आहे, हेच फार आहे. ते केसपेपरवर लिहा.

यातल्या कोणत्या गोष्टी आपल्याला लगेच करता येतील, कोणत्यांना वेळ लागेल आणि कोणत्या आपल्या अधिकारात नाहीत, हे आपण मराठीत, जाहीरपणे सांगावे. परिपत्रक येईपर्यंत तो प्रश्न मी माझ्या दुकानात विचारते आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या इतर दुकानदारांनाही विचारायला सांगते आहे.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
कराड परिसर, जि. सातारा